जालना : पेठ, वास्तू आणि यात्रा

जालना : महाराष्ट्र राज्याच्या मराठवाडा विभागातील याच नावाच्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण व जुनी व्यापारी पेठ. लोकसंख्या २,८५,५७७ (२०११). हे छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचे औरंगाबाद) पूर्वेस सु. ६० किमी. अंतरावर, कुंडलिका नदीच्या दोन्ही तीरांवर वसले आहे. उजव्या तीरावरील वस्ती जुना जालना व डाव्या तीरावरील, पूर्वी कादराबाद या नावाने ओळखली जाणारी वस्ती नवा जालना होय. प्रतिष्ठान (पैठण), देवगिरी व औरंगाबाद या मराठवाड्यातील नगरांना राजधानीचे वैभव लाभले. जालन्यास ते कधीच लाभले नाही. येथे राजवाडा नाही, लेणी नाहीत, कोणा राजवंशाच्या समाध्याही नाहीत. जे आहे ते किल्ला, सराई, हमाम, तलाव, वेशी आणि बाजार या स्वरूपाचे असून त्यातील बहुतेक सर्व व्यापाऱ्यांच्या रक्षणासाठी, उताऱ्यासाठी किंवा तहान भागविण्यासाठी बांधलेले आहे. त्यामुळे या शहराचा इतिहास राज्यकर्त्यांच्या वंशावळीपेक्षा त्याच्या पेठेच्या चढउतारांवरून अधिक स्पष्टपणे वाचता येतो.

शहराचे स्थान पेठेस अनुकूल आहे. उत्तरेस अजिंठ्याच्या डोंगररांगा व दक्षिणेस गोदावरी यांच्या दरम्यान काळ्या कसदार जमिनीचा जो सपाट पट्टा आहे, त्याच्या मध्यावर जालना येते. भोकरदन व अजिंठ्यावरून बऱ्हाणपूरकडे जाणारी, सिंदखेडवरून वऱ्हाडात उतरणारी, गोदावरीचे खोरे धरून नांदेड व हैदराबादकडे जाणारी आणि पश्चिमेस औरंगाबादकडे जाणारी अशा वाटा येथे एकत्र येतात. उत्तर हिंदुस्थान व दक्षिणापथ यांना जोडणारा व्यापारी मार्ग या परिसरातून जात असल्याचा पुरावा तर जालना शहराहून कितीतरी जुना आहे. जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची व भारहूत येथील स्तूपांना दान देणाऱ्यांत भोगवर्धनच्या रहिवाशांची नावे कोरलेली आढळतात. १९७०–८० या दशकाच्या पूर्वार्धात शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांच्या मार्गदर्शनाखाली नागपूर व मराठवाडा या विद्यापीठांनी भोकरदन येथे उत्खनन केले. त्यात सातवाहनकालीन वस्ती, मणी घडविण्याच्या उद्योगाचे अवशेष व एक हस्तिदंती स्त्रीप्रतिमा मिळाली. इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या प्रसिद्ध भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे जवळचे साम्य आहे. ज्वालामुखीच्या राखेखाली इ. स. ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या त्या रोमन नगरापर्यंत दक्षिणेतील कारागिरांचा माल कोणत्या वाटांनी गेला, याचा विचार करताना भोकरदन वगळता येत नाही. भोगवर्धनची पेठ पुढे मावळली, परंतु वाट राहिली आणि मध्ययुगात त्या वाटेवरचा मुक्काम थोडा दक्षिणेस, कुंडलिकेच्या काठी आला.

गावाच्या नावाविषयी दोन कथा सांगितल्या जातात. एकीनुसार रामायणकाळी या स्थळाचे नाव जनकपूर होते. दुसरीनुसार येथील एका धनाढ्य मुसलमान व्यापाऱ्याचा मूळ व्यवसाय विणकराचा, म्हणजे ‘जुलाहा’चा होता व त्याच्या इच्छेवरून गावास जालना हे नाव पडले. व्युत्पत्ती म्हणून या दोन्ही कथांस फारसे महत्त्व देता येणार नाही. तथापि दुसरी कथा अर्थपूर्ण आहे. आपल्या गावाचा संस्थापक राजा किंवा ऋषी नसून एक विणकर होता, असे सांगण्यात ज्या लोकांस कमीपणा वाटला नाही, त्यांच्या गावात कापडाच्या धंद्याचा मान काय असेल, याची कल्पना तीवरून येते. मराठी कागदपत्रांत शहराचा उल्लेख बहुधा ‘जालनापूर’ असा येतो.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस मोगलांनी निजामशाहीवर मोहिमा सुरू केल्या, तेव्हापासून जालन्याचा उल्लेख सातत्याने मिळू लागतो. अकबराचा इतिहासकार अबुल फज्ल दक्षिणेत असताना काही काळ येथे राहिला होता आणि औरंगजेबही दक्षिणेच्या सुभेदारीच्या काळात मधूनमधून येथे मुक्काम करीत असे, असे जुन्या वृत्तांतांत नमूद आहे. मलिक अंबर व मोगल सेनापती शाहनवाजखान यांच्यात १६१६ मध्ये झालेली लढाई ज्या रोशनगावी झाली, ते आजच्या बदनापूर तालुक्यात, जालन्यापासून जवळच आहे. सैन्यांचे तळ वारंवार या परिसरात पडत, कारण येथे धान्य व वैरण मिळे. पेठेला लष्कराचा हा सहवास फायद्याचाही होता व धोक्याचाही.

शहरातील सर्वांत महत्त्वाच्या वास्तू जमशेदखान या अधिकाऱ्याच्या नावाशी निगडित आहेत. काळ्या पाषाणात बांधलेली काली मशीद, तिच्यालगतचा हमाम व सराई ही त्याची बांधकामे होत. उपासना, स्नान व निवास यांची सोय एकाच आवारात करण्याची ही पद्धत इस्लामी जगतातील व्यापारी मार्गांवर सर्वत्र आढळते. लांबचा प्रवास करून आलेला सौदागर येथे उतरे, मालाची गाठोडी सोडवी आणि दुसऱ्या दिवशी बाजारात जाई. मोती तलाव हेही जमशेदखानाचेच काम. या तलावातील पाणी जमिनीखालील नळांतून शहरातील हौदांमध्ये आणलेले होते. औरंगाबादच्या नहरींची कीर्ती मोठी असल्याने जालन्याच्या या नळयोजनेकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे. वस्तुतः कुंडलिका ही पावसाळ्यानंतर लवकर आटणारी नदी. तिच्या भरवशावर एवढी मोठी बाजारपेठ, तिच्यात येणारे बैलांचे तांडे आणि घोडी यांची सोय होणे शक्य नव्हते. भरभराटीच्या काळात शहरास पाच तलाव होते, असे जुन्या गॅझेटिअरात म्हटले आहे. रंगारी, विणकर व चर्मकार यांचे व्यवसायही पाण्याशिवाय चालत नाहीत, हे लक्षात घेता जालन्याच्या पेठेची खरी तटबंदी म्हणजे हे तलाव होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

छत्रपती शिवाजी महाराजांनी नोव्हेंबर १६७९ मध्ये जालन्यावर केलेली स्वारी ही त्यांच्या अखेरच्या मोठ्या स्वाऱ्यांपैकी एक. विजापूरला दिलेरखानाचा वेढा पडला असता त्याचे लक्ष दुसरीकडे वेधावे, म्हणून महाराजांनी मोगली मुलखात चाल केली. जालन्याची पेठ चार दिवस लुटली जात होती. सोनेनाणे, जवाहीर, कापड, घोडे, उंट असा मोठा ऐवज हाती आला. शहराबाहेरील बागेत सय्यद जानमहंमद या सत्पुरुषाचा मठ होता. शिवाजी महाराज अशा स्थानांस उपद्रव देत नाहीत, हे जाणून व्यापाऱ्यांनी आपली संपत्ती घेऊन तेथे आश्रय घेतला होता. या वेळी मात्र सैनिक तेथेही शिरले, असे मोगल इतिहासकार खाफीखान लिहितो आणि महाराजांच्या पुढील वर्षी झालेल्या मृत्यूचा संबंध तो त्या सत्पुरुषाच्या शापाशी जोडतो. शापाची कथा प्रतिपक्षाच्या लेखकाची म्हणून बाजूस ठेवता येईल. पण शहरातील व्यापारी संकटकाळी वेशीच्या आत न थांबता वेशीबाहेरच्या मठाचा आश्रय घेतात, ही गोष्ट तटबंदीच्या तत्कालीन अवस्थेविषयी बरेच काही सांगून जाते. परतीच्या वाटेवर रणमस्तखानाने मराठ्यांना गाठले. झालेल्या निकराच्या लढाईत सिधोजी निंबाळकर धारातीर्थी पडले आणि बहिर्जी नाइकांनी दाखविलेल्या आडवाटेने महाराज पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोहोचले. हा प्रसंग सभासदाच्या बखरीतही आला आहे. सय्यद जानमहंमदाचे स्थान म्हणजेच जालन्यातील जानुल्लाशाहचा दर्गा, असे मानले जाते.

निजामुल्मुल्क आसफजाह याला औरंगाबादपेक्षा जालन्याची हवा अधिक मानवे, अशी नोंद आहे. त्याच्या आज्ञेवरून काबिलखानाने १७२५ मध्ये शहराच्या पूर्वेस किल्ला व बालेकिल्ला बांधला. हाच मस्तगड होय. किल्ला चौकोनी असून त्याच्या कोपऱ्यांवर अर्धवर्तुळाकार बुरूज आहेत. बालेकिल्ल्यात बांधकामाचा काळ सांगणारा फार्सी शिलालेख आहे. आतील मोठी विहीर ही या किल्ल्याची सर्वांत पाहण्याजोगी गोष्ट. तिच्या भिंतींत सज्जे व खोल्या काढलेल्या आहेत. उन्हाळ्याच्या तीव्र झळांत पाण्यालगत बसण्याची ही सोय दक्षिणेतील विहिरींच्या रचनेत अनेक ठिकाणी आढळते. पुढील काळात नगरपालिकेची कचेरी या बालेकिल्ल्यात होती. शहराभोवतीचा तट मात्र मातीविटांचा होता व तो काळाच्या ओघात ढासळला. विसाव्या शतकाच्या आरंभीच मूर्ती दरवाजा व हैदराबाद दरवाजा या दोन वेशीच काय त्या सुस्थितीत उरल्या होत्या. किल्ला बांधून जेमतेम दोन वर्षे होतात तोच पहिल्या बाजीरावाने जालना–सिंदखेड भागात धडक मारली. नोव्हेंबर १७२७ मध्ये निजामाचा सरदार ऐवजखान याच्याशी त्याची जालन्याजवळ चकमक झाली. पालखेड येथे निजामाची कोंडी करून (१७२८) संपलेल्या मोहिमेचा हा प्रारंभ होता.

पुढे जालना शिंद्यांकडे आले. जुन्या जालन्यातील आनंदीस्वामींचे मंदिर महादजी शिंदे यांनी बांधले, अशी परंपरा आहे. दुसऱ्या इंग्रज–मराठे युद्धात कर्नल स्टीव्हन्सनने २ सप्टेंबर १८०३ रोजी जालन्याचा किल्ला घेतला. त्यानंतर तीन आठवड्यांनी, २३ सप्टेंबर रोजी, जिल्ह्याच्या उत्तर भागातील केळणा व जुई या नद्यांच्या दुआबात असई येथे आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढील काळातील ड्यूक ऑफ वेलिंग्टन, याने शिंदे–भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. वॉटर्लूच्या या विजेत्याने उत्तरायुष्यात आपली सर्वोत्तम लढाई म्हणून असईचाच निर्देश केल्याचे प्रसिद्ध आहे. ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहात शिंद्यांनी अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेकडील जो मुलूख सोडला, त्यात जालनापूरचा किल्ला व परगणा यांचा नावानिशी उल्लेख आहे. हा प्रदेश नंतर निजामाकडे गेला. इंग्रज मात्र पूर्णपणे निघून गेले नाहीत. हैदराबाद कंटिंजंट या फौजेसाठी शहराच्या पूर्वेस १८२७ मध्ये छावणी उभारण्यात आली व ती १९०३ पर्यंत टिकली. छावणीबरोबर सदर बाजार आला, चर्च आले, पारशी दुकानदार व दूरदूरचे ठेकेदार आले. मराठी ब्राह्मण कुटुंबात जन्मून १८४३ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालना ही आपली कर्मभूमी मानली आणि सालारजंगाकडून मिळालेल्या जमिनीवर शहराजवळ बेथेल ही वसाहत स्थापन केली. अस्पृश्य समाजातील शेतकरी कुटुंबांचे स्वतंत्र गाव उभे करण्याच्या या प्रयोगाकडे मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासात द्यावे तेवढे लक्ष दिले गेलेले नाही.

जालन्याच्या या घडणीची इंग्लंडमधील जुन्या बाजारगावांशी तुलना केल्यास काही गोष्टी अधिक स्पष्ट होतात. तेथे आठवड्याचा बाजार व वर्षाची जत्रा भरविण्याचा हक्क राजाच्या सनदेने मिळे. तेराव्या शतकातील कायदेपंडित ब्रॅक्टन याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ग्रंथात दोन बाजारांमध्ये किमान पावणेसात मैलांच्या आसपास अंतर असावे, असे म्हटले आहे. शेतकऱ्याने दिवसाचा एक तृतीयांश जाण्यात, एक तृतीयांश खरेदीविक्रीत व उरलेला परतीत घालवावा, हा त्यामागील हिशोब. दक्षिणेत हेच काम निराळ्या रीतीने होई. राज्यकर्ता किंवा त्याचा अंमलदार नवी पेठ वसविण्यासाठी कौल देई, काही वर्षांची जकात माफ करी आणि पेठेची व्यवस्था शेट्ये व महाजन या वतनदारांकडे सोपवी. आसपासच्या गावांचे बाजार वेगवेगळ्या वारी भरत असल्यामुळे अंतराचा नियम घालण्याची गरज पडत नसे. वारांची वाटणी हीच त्यांची मर्यादा असे. इंग्लिश बाजारगावातील चौकातला दगडी क्रूस व सभागृह आज तेथील लोक कौतुकाने जपतात. आपल्याकडे सराई, हमाम व जकातनाका यांना वारसा समजण्याची सवय नाही. देऊळ किंवा किल्ला यांनाच काय तो तो मान मिळतो.

रेल्वेने जालन्याचे दैव पालटले. छावणी उठण्याच्या सुमारासच हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वेचा मनमाड–सिकंदराबाद हा मीटर मापी मार्ग १८९९ ते १९०१ च्या दरम्यान टप्प्याटप्प्याने सुरू झाला. तोपर्यंत बैलांच्या पाठीवर व गाड्यांवर चालणारा कापूस, तेलबिया आणि भुसार यांचा व्यापार मुंबईशी थेट जोडला गेला. सरकी काढण्याचे व गठाणी बांधण्याचे कारखाने निघाले. मारवाडी, गुजराती, लिंगायत वाणी, कोमटी अशा अनेक समाजांच्या पेढ्या एका ओळीत उभ्या राहिल्या. ‘जालना, सोन्याचा पाळणा’ ही म्हण पंचक्रोशीत सर्वतोमुखी आहे. मात्र तिचा दुसरा अर्थही ध्यानात ठेवला पाहिजे : पाळण्यात झोपणारे थोडे आणि तो हलविणारे पुष्कळ, अशी कोणत्याही भुसार पेठेची स्थिती असते. हमाल, मापाडी, गाडीवान आणि अडत्याकडून उचल घेऊन हंगामापूर्वीच पीक बांधून टाकणारा शेतकरी, यांच्या श्रमावर हे वैभव उभे होते. निजामी राजवटीच्या अखेरीस शहराने रझाकारांचा जाच सोसला. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य येथे आले. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील हुतात्मा जनार्दन मामा यांच्या नावाचा मामा चौक आज भर बाजारात आहे. १९५६ मध्ये मराठवाड्याबरोबर शहर द्वैभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद व परभणी जिल्ह्यातील परतूर मिळून स्वतंत्र जालना जिल्हा झाला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पेठेने आणखी एक वळण घेतले. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी (महिको) येथे स्थापन केली आणि धान्य विकत घेणारे जालना बियाणे विकणारे झाले. संकरित बियाण्यांच्या प्रसाराबद्दल बारवाले यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्यापाठोपाठ इतरही बियाणे कंपन्या येथे आल्या. बांधकामास लागणाऱ्या लोखंडी सळयांचे कारखाने हे शहराच्या अर्थव्यवस्थेचे दुसरे अंग होय. २०१८ मध्ये रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली. जालन्याच्या मोसंबीस भौगोलिक मानांकन लाभले आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा टप्पा खुला झाला. तो जालन्यालगत जातो. २०२३ मध्ये नगरपरिषदेचे रूपांतर महानगरपालिकेत झाले.

शहराचे आणि जिल्ह्याचे उत्सव पाहिले असता त्यांची सांगड शेतीच्या व बाजाराच्या वर्षाशी घातलेली दिसते. आषाढी एकादशीस आनंदीस्वामींच्या मंदिरात मोठी यात्रा भरते. पेरण्या आटोपलेल्या किंवा आटोपत आलेल्या असतात, मागील वर्षीचे धान्य बाजारातून संपलेले असते व नवे येण्यास दोन महिन्यांचा अवकाश असतो. शेतकरी आणि दुकानदार या दोघांनाही सवड असणारा वर्षातील हा काळ. पंढरीस जाणे ज्यांना जमत नाही, ते आसपासच्या खेड्यांतून येथे येतात. श्रावणातील पिठोरी अमावास्येस पोळा येतो. त्याआधीचे काही दिवस गोंडे, घुंगरमाळा, झुली, वेसणी व शिंगांना लावावयाचा हिंगूळ यांच्या खरेदीचे असतात. भाद्रपदात नवा मूग व उडीद बाजार समितीच्या आवारात उतरू लागतो, त्यापाठोपाठ सोयाबीन येते आणि पेठेस जाग येते.

अश्विनात अंबड येथील मत्स्योदरी देवीची नवरात्र यात्रा भरते. माशाच्या आकाराच्या टेकडीवर हे मंदिर असून टेकडीच्या आकारावरूनच देवीस हे नाव मिळाले. अंबड दीर्घ काळ होळकरांकडे होते आणि अहिल्याबाई होळकरांचे नाव तेथील मंदिरांशी जोडलेले आहे. दसऱ्यानंतर कापूस निघू लागतो. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी व्यापारी चोपड्यांची पूजा करतात आणि पाडव्यानंतर सोयीचा दिवस पाहून मुहूर्ताचे सौदे होतात. मुहूर्ताच्या सौद्यास पुढील हंगामाच्या भावाचा शकुन समजण्याची चाल आहे. संगणकावर दर येऊ लागल्यानंतरही ती सुटलेली नाही. माघ–फाल्गुनात तुरीची आवक होते. शाळू ज्वारी होळीच्या आगेमागे येते.

धूलिवंदनाच्या दिवशी निघणारी हत्ती रिसाला ही मिरवणूक जालन्याचा सर्वांत आगळा उत्सव आहे. निजामी काळापासून चालत आलेल्या या प्रथेत हत्तीवर एका दिवसापुरता ‘राजा’ बसवितात व रंग खेळत त्यास बाजारातून मिरवितात. ज्या शहरास स्वतःचा राजा कधीच नव्हता, त्याने वर्षातून एक दिवस तो करून भर पेठेतून फिरवावा, यात पेठेच्या विनोदबुद्धीचा अंश असावा. युरोपातील कार्निव्हलमध्येही एका दिवसाचा राजा करण्याची चाल होती. तथापि दोहोंचा परस्परसंबंध जोडण्याचे कारण नाही. रब्बीचे पीक घरात आले की हाती थोडा पैसा आणि मनास थोडी सवड असते, एवढे साम्य पुरेसे आहे.

चैत्रात रामनवमीस घनसावंगी तालुक्यातील जांब येथे उत्सव होतो. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ मध्ये येथे झाला, म्हणून गावास जांब समर्थ म्हणतात. येथील राममंदिरातील मूर्ती ऑगस्ट २०२२ मध्ये चोरीस गेल्या. त्या काही आठवड्यांनी पोलिसांना परत मिळाल्या, परंतु पिढ्यान्‌पिढ्यांच्या देवघरातील धातुमूर्तींना जुन्या वस्तूंच्या चोरट्या बाजारात काय मोल आले आहे, हे या घटनेने साऱ्या जिल्ह्यास कळून चुकले. भोकरदन तालुक्यातील राजूर हे गणपतीच्या पीठांपैकी एक मानले जाते. अंगारकी चतुर्थीस तेथे जालन्याहून रात्रीच पायी निघणाऱ्यांची रस्त्यावर रीघ लागते. त्याच तालुक्यातील जयदेववाडी येथील जाळीचा देव हे महानुभाव पंथाचे महत्त्वाचे तीर्थ होय. शहरात स्थानकवासी जैन संत गणेशलालजी महाराज यांचे गुरू गणेश तपोधाम असून तेथे देशभरातील जैन भाविक येतात. व्यापाराच्या निमित्ताने येथे स्थायिक झालेल्या समाजांची श्रद्धास्थाने अशा रीतीने शहराच्या घडणीत मिसळून गेली आहेत.

पाण्याचा प्रश्न मात्र जमशेदखानाच्या काळापासून शहराची पाठ सोडावयास तयार नाही. जुने तलाव गाळाने भरले, काहींचे अस्तित्व वस्तीखाली लुप्त झाले. मोती तलाव व त्यालगतची मोती बाग आता फिरावयास जाण्याचे ठिकाण म्हणून उरली आहे. एकोणीसशे तीसच्या दशकात निजाम सरकारने घाणेवाडी येथे कुंडलिकेवर जलाशय बांधला. तेथून उताराने, पंपाविना, शहरास पाणी येई. नवा जालना अनेक दशके याच पाण्यावर जगला. वाढती वस्ती, साचलेला गाळ व कमी पाऊस यांमुळे तोही अपुरा पडला. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा हजारो हेक्टरांवर वाळल्या. शेतकऱ्यांनी दहा-पंधरा वर्षे सांभाळलेली झाडे कुऱ्हाड लावून सरपणासाठी विकली. शहरात आठवडेच्या आठवडे नळास पाणी नव्हते. त्या सुमारास उद्योजक, व्यापारी व नागरिक यांनी घाणेवाडी जलाशयातील गाळ लोकवर्गणीतून उपसण्याचे काम हाती घेतले. काढलेला गाळ शेतकऱ्यांनी स्वखर्चाने वाहून आपल्या हलक्या जमिनींवर पसरला आणि उपशाच्या खर्चाचा मोठा भाग त्यातच भागला. गोदावरीवरील जायकवाडी जलाशयातून नळाने पाणी आणण्याची योजनाही पुढे पूर्ण झाली. घाणेवाडीतील गाळ काढण्याचे काम त्यानंतरही उन्हाळ्यात होत राहिले. वैशाखात, मुगाच्या पेरणीपूर्वी जमीन रिकामी असते तेव्हा, गाळाने भरलेले ट्रॅक्टर जलाशयाकडून गावोगाव जाताना दिसत.